शांतम्मा कट होत नाही

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या रुद्रेशने मला फसवलं, आणि माझ्या हातून माझ्या ड्रायव्हरांना फसवलं. हे आधीच सांगून टाकते. दिवाळी अंकातल्या लेखाची सुरुवात गोड करायची पद्धत आहे, पण माझ्याकडे सध्या गोड काही नाही. संपादकांनी 'तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा' असं सांगितलं होतं. गमती आहेत, त्या येतीलच. पण माझी झोप उडाली आहे ती गमतींमुळे नाही.

मी सुमित्रा. यशवंतपूरला दुकान आहे माझं. वीजगाड्यांच्या चार्जिंगला लागणाऱ्या केबली, गन, प्लग आणि ॲडाप्टर विकते. मोठ्या कंपन्यांना नाही. भाड्याच्या टेम्पोंचे यार्ड, लॉज, मंगल कार्यालयं, गोदामं असली गिऱ्हाईकं माझी. आमचं घराणं बंगळूरचंच, किती पिढ्यांचं ते आम्हालाही ठाऊक नाही. देवापुढे मराठी आणि दाराबाहेर कन्नड, असं आमच्या घरातलं. नातेवाइकांत शिकलेले पुष्कळ, बँकेतले, कचेरीतले. आम्ही त्यांतले नव्हे. आई बाजारात कांदे-बटाटे निवडायला बसायची, मी तिच्या शेजारी. धंदा मी तिथे शिकले. पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला बटाटा पाहून भाव करतो तो खुळा. हात कोपरापर्यंत घालायचा आणि तळातला काढायचा, हे मला अक्षरओळखीच्या आधी येत होतं.

आता हे ॲडाप्टर म्हणजे काय, ते सांगते. घरचा प्लग खुळचट असतो. बटण दाबलं की वीज देतो. समोर मिक्सर आहे की लहान मुलाचं बोट, त्याला फरक पडत नाही. चार्जिंगची गन तशी नसते. तिच्या तोंडात सात भोकं असतात. पाच विजेची आणि अर्थिंगची, बारकी दोन नुसती बोलण्याची. गाडी लावली की गन त्या बारक्या वाटेने विचारते, 'आहेस का? नीट बसलीस का? सोडू का?' गाडीकडून 'हो' आलं तरच आतला चाप खाली पडतो, टक् असा आवाज होतो आणि वीज सुटते. मध्येच 'हो' थांबलं, तर त्या क्षणी वीज बंद.

ही गन मोटारींसाठी केलेली. मालवाहू तीनचाकींच्या पोटातून मात्र साधी तीन पिनांची वायर बाहेर येते, घरच्या गीझरला असते तशी. तिला बोलता येत नाही. यार्डात सगळ्या गन मोटारीच्या आणि गाड्या तीन पिनांच्या, अशी गाठ पडली की मध्ये माझा डबा लागतो. एका बाजूला गन बसते, दुसऱ्या बाजूला तीन पिनांचं सॉकेट. आणि गनने विचारलं की गाडीच्या वतीने हा डबा 'हो' म्हणतो. तो जामीन राहतो म्हणा ना. म्हणूनच त्याच्या आत, सॉकेटच्या पाठीला चिकटून, शर्टाच्या बटणाएवढा एक कटआउट बसवायचा असतो. सॉकेट फार तापलं की तो बोलणं तोडतो. डब्याचं 'हो' थांबतं, गन वीज बंद करते. धंद्यात याला 'कट होणं' म्हणतात.

हे साधं गणित गिऱ्हाइकाला पटवणं म्हणजे मात्र डोकेफोड. एका मंगल कार्यालयाच्या मालकाने कुठूनतरी स्वस्तात मिळाला म्हणून एक हळू चार्जर आणून दारात उभा केला. मग माझ्याकडे आला.

"अक्का, लग्नाला येणाऱ्यांच्या गाड्या जेवण होईपर्यंत भरल्या पाहिजेत. फास्ट करणारा ॲडाप्टर द्या."

"तसा ॲडाप्टर नसतो."

"भाव वाढवायला नसतो म्हणताय. असतो, मी व्हिडिओत पाहिलाय."

"हे बघा, पिठाच्या गिरणीचं तोंड बदललं म्हणून ज्वारी टाकून तांदूळ येणार का?"

"गिरणीचा काय संबंध?" म्हणून तो रागावून गेला. दुसऱ्या दुकानातून काहीतरी घेऊन आला आणि ते चालेना म्हणून पुन्हा माझ्याशीच भांडायला उभा. मी त्याच्यापेक्षा मोठ्याने भांडले. आता त्याच्या नातीच्या बारशाचं आमंत्रण येतं मला. माझं असंच आहे. आवाज चढल्याशिवाय माझी कुणाशी ओळख पक्की होत नाही.

रुद्रेशशीही तशीच झाली होती. पीण्यात आतल्या एका गल्लीत त्याचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन यंत्रं, चार बाकं आणि भिंतीवर चामुंडेश्वरीचा फोटो. हाताला सफाई होती त्याच्या, हे आजही कबूल करते. बाहेरून येणारे ॲडाप्टर महाग आणि नाजूक. हा म्हणाला, मी इथेच करून देतो. भाव करायला आम्ही एक अख्खी सकाळ बसलो. मी दोनदा उठून दारापर्यंत गेले, तो दोनदा "सरी, सरी, बरं, बसा अक्का" म्हणाला. शेवटी माझ्या आकड्यावर हात दिला. वर कॉफी पाजली, आणि मी त्याच्या नमुन्यांच्या पेटीत तळापर्यंत हात घालून नग काढत होते ते पाहत बसला.

पहिला माल सोन्यासारखा होता. मी दुकानात एकेका नगाच्या सॉकेटवर केस वाळवायचं यंत्र धरलं, आणि प्रत्येक नग तापल्यावर टक् करून कट झाला. तो सगळा माल आनेकलच्या रस्त्यावरच्या एका यार्डाला गेला. तिथे पार्सलं वाहणाऱ्या तीनचाकी टेम्पोंचा तळ आहे. यार्ड सांभाळतो केंपण्णा. जुना लॉरी ड्रायव्हर, गुडघे गेले म्हणून खुर्चीत बसतो, पण जीभ चालती आहे. त्याने आणखी माल मागितला, मी रुद्रेशला सांगितलं. दुसरा माल आला. पेटी फोडून वरचे काही तपासले. माझी सवयच ती, हात खाली घालून तळातलेही काढून तपासले. सगळे चोख. मी माल पुढे पाठवला.

उन्हाळा आला. यार्डावर पत्र्याचं छप्पर. दुपारी तिथे उभं राहिलं की पायातली चप्पल मऊ झाल्यासारखी वाटते. त्या तापात ॲडाप्टर कट होऊ लागले. मी तिकडे गेले तर ड्रायव्हर माझ्यावर तुटून पडले. कट झालं की थंड होईस्तोवर थांबायचं, गाडी अर्धी भरते, दुपारची खेप जाते. एकजण म्हणाला, "अक्का, तुमचा ॲडाप्टर माझ्या बायकोसारखा. स्वल्प गरम झालं की बोलणं बंद." सगळे हसले. मीही हसले.

तेवढ्यात मारुती पुढे आला. हा निपाणीकडचा, घरी मराठी बोलणारा, त्यामुळे माझ्याशी त्याची जरा जास्त जवळीक. पहाटेपासून पार्सलं वाटायची आणि दुपारी गाडी चार्जिंगला लावून तिच्याच मागच्या लोखंडी खोक्यात दार ओढून घेऊन झोपायचं, असा त्याचा दिवस. बायको आनेकलला कपड्याच्या कारखान्यात.

"अक्का, माझ्याला काय बी बोलायचं नाही बगा," तो म्हणाला. "माझा कवाच कट होत नाही. झोपलो की गाडी भरूनच उठतोय. असला आणखी एक द्या की, मेव्हण्याला पायजे."

"कधीच कट होत नाही?"

"कवाच नाही. आम्ही नाव ठेवलंय तिला. शांतम्मा."

तो ते डबडं दाखवायला मला घेऊन गेला. खरं सांगते, पहिल्यांदा मला अभिमान वाटला. माझ्या मालाला लोकांनी नाव ठेवलं होतं. मग मी हात लावला. आमच्या धंद्यात तापलेल्या वस्तूला तळहात लावत नाहीत, उलटा हात लावतात; झटका बसला तर मूठ आवळून वस्तू पकडली जाऊ नये म्हणून. मी उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. प्लगच्या कडेचं प्लास्टिक मऊ झालं होतं. जवळ वाकले तर वास येत होता, तो ओळखीचा, जळक्या खोबऱ्यासारखा. आणि त्याच्या हातभर पलीकडे मारुतीची उशी होती.

मी गन बंद करून डबा उपसला. मारुतीला दुसरा चांगला डबा दिला, हा दुकानात आणून फोडला. कटआउट जागेवर होता. पण त्याच्या दोन्ही पायांना खालून केसाएवढ्या तारेचा टाका घातलेला. म्हणजे कटआउट तुटला काय नि राहिला काय, बोलणं चालूच. आत आग लागली तरी तो डबा गनला सांगत राहणार, 'सगळं ठीक आहे, सोड वीज.' आतला फ्यूजही उडणार नाही, कारण वीज जास्त जातच नाही. ढिल्या पिनेवर जेवढी जायला हवी तेवढीच जाते आणि तेवढीच जाळायला पुरते.

यार्डातल्या प्रत्येक गाडीच्या मागच्या खोक्यात दुपारी कोण कोण झोपलेलं असतं, ते मला एकेक करून दिसत होतं.

पीण्याला गेले. रुद्रेशच्या बाकावर तो फोडलेला डबा आपटला.

"हा माझा माल नाही," तो म्हणाला.

"तुझा टाका मी ओळखत नाही?"

"मग कामगाराची चूक असेल. नवीन पोरगी ठेवली होती."

"चूक असती तर ती पेटीत कुठेही झाली असती. वरचे चांगले, तळचे चांगले, आणि मधले सगळे असे? तुझ्या त्या पोरीला माझा हात कुठवर जातो ते कुणी सांगितलं?"

सगळ्यात जास्त काय लागलं असेल मला, तर ते हे. त्याने नुसता खोटा माल दिला नाही. मी कशी तपासते ते त्याने बसून पाहिलं होतं, कॉफी पाजता पाजता. आईने शिकवलेल्या युक्तीभोवती त्याने पेटी भरली.

"अक्का," तो शेवटी म्हणाला, "भाव पाडताना हसत होता तुम्ही. भाव पाडला की कुठेतरी काहीतरी कमी होणारच. त्या कटआउटातले निम्मे निकृष्ट निघाले, उगाचच कट होत होते. टाकून देऊ का? कट झालं की तुमचेच ड्रायव्हर शिव्या देतात."

"कमी करायचं होतं तर डब्याचा रंग कमी करायचास. खोका कमी करायचास. मला तोंडावर 'परवडत नाही' म्हणायचं होतंस. मी भावावर भांडते, माणसाच्या जिवावर नाही!"

मी आणखीही पुष्कळ बोलले, ते छापण्यासारखं नाही. शेजारच्या शेडातले लोक बाहेर आले. रुद्रेशने शटर ओढलं. पोलिसांत गेले, तर तिथले साहेब म्हणाले, "आग कुठे लागलीय, अम्मा? लागू दे, मग या." रुद्रेशला चांगल्या नगावर तपासणीचा कागद मिळाला होता, तो खरा होता, त्या कागदाच्या आडोशाला वाईट नगही बसले होते.

मग मी माल परत घ्यायला यार्डात गेले. मला वाटलं होतं, फुकट बदलून देते म्हटल्यावर लोक धावत येतील. धावत आले खरे. पण प्रत्येकाने आणून दिला तो कट होणारा, चांगला डबा. "घ्या अक्का, ही शांतम्मा." दुकानात तापवून पाहावं तर टक् करून कट. चांगले डबे घेऊन मी त्यांना चांगलेच डबे देत होते, आणि खऱ्या शांतम्मा सीटखाली लपलेल्या होत्या. बाहेरून सगळे सारखे. फोडल्याशिवाय किंवा तापवल्याशिवाय कळणार नाही.

केंपण्णाला मी धारेवर धरलं. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "अक्का, दुपारची खेप गेली तर त्यांच्या घरी तुम्ही जेवण पाठवणार का? इतके दिवस काही झालं नाही. तुम्हाला भीती विकायची सवय लागली की काय?"

"केंपण्णा, झाल्यावर तुम्ही त्या खोक्याचं दार उघडायला जाल का, या गुडघ्यांनी?"

त्याने नुसते गुडघे चोळले, मदत केली नाही.

पाऊस आला, हवा गार झाली, कट होणं थांबलं, आणि सगळ्यांच्या डोक्यातून विषय गेला. माझ्या गेला नाही. रस्त्याने जाताना कुठेही पत्र्याची शेड दिसली, खाली गाड्या लावलेल्या दिसल्या की पाय थांबायचे. नाक आपोआप वास शोधायचं. घरी खोबरं भाजायला ठेवलं तर मी गॅस बंद करून बाहेर जाऊन उभी राहायचे. जावई म्हणाले, "डॉक्टरांना दाखवा." मनात म्हटलं, डॉक्टर काय गाड्यांखाली बघणार?

मग नवरात्र आलं, आणि एका सकाळी देवाची भांडी घासताना मला एकदम सुचलं. आयुधपूजा! या गावात त्या दिवशी माणूस आपलं हत्यार लपवत नाही. न्हावी कात्री मांडतो, शिंपी मशीन, ड्रायव्हर गाडी धुऊन केळीचे खांब बांधतो. ज्याच्यावर घर चालतं ते पूजेला ठेवलं नाही तर वर्षभर रुसतं, अशी श्रद्धा. सीटखालची शांतम्मा त्या दिवशी बाहेर येणारच.

चुरमुऱ्यांची मोठी पिशवी आणि कोहळा घेऊन मी यार्डात गेले. छप्परभर झेंडूच्या माळा, गाड्यांना विभूतीचे पट्टे, चाकांखाली लिंबं. आणि मध्ये, केळीच्या पानांवर, ओळीने मांडलेले नट-बोल्टांचे पाने, जॅक, टायरचे पंप, चार्जिंगच्या केबली आणि ॲडाप्टर. सगळ्यांना हळदकुंकवाची बोटं. काही ॲडाप्टर मात्र वेगळ्या पानावर, थोडे उंचावर. त्यांना शेवंतीच्या वेण्या आणि समोर नारळ.

मला काही तापवावं लागलं नाही. ज्या डब्यांनी ड्रायव्हरांना कधी त्रास दिला नव्हता, ते त्यांनी स्वतःच भक्तीने बाजूला काढून ठेवले होते. मी त्या पानासमोर उभी राहिले आणि आरती चालू असताना त्या मोजू लागले. इतक्या होत्या. माझ्या अंदाजापेक्षा जास्त. आणि त्यांच्यासमोर लोक हात जोडून उभे होते.

आरती झाली. कोहळा फुटला. मी पानाकडे हात नेला तसा केंपण्णा ओरडला, "बेड अक्का! नको! पूजेतली वस्तू आज हलवायची नाही!"

"हलवत नाही. सौदा करते."

आणि मी भाव करायला बसले, जमिनीवर, त्यांच्या मध्ये. आयुष्यभर मी जे काही शिकले ते त्या दुपारी पणाला लावलं. मी म्हटलं, चांगला डबा कट होतो तो डब्याच्या दोषाने नाही, तुमच्या प्लगांच्या पिना झिजल्यात म्हणून. त्या ढिल्या बसतात, ढिलं बसलं की तापतं. प्रत्येक गाडीला नवा जाड पितळी प्लग मी लावून देते, माझ्या खर्चाने, माझ्या समोर. सॉकेटांवर पत्र्याऐवजी जाड ताडपत्री बांधून देते. त्यानंतर दुपारी कट झाला तर दुकानात येऊन मला चारचौघांत शिव्या घाला. बदल्यात ह्या सगळ्या मला द्या.

"आणि ताडपत्री फाटली तर?" एकाने विचारलं.

"पुन्हा बांधीन."

"प्लग झिजला तर?"

"अरे, बायकोही आणून देऊ का नवी?" मी ओरडले. हशा पिकला. त्या हशात सौदा झाला. केंपण्णानेच सांगितलं, उद्या उत्तरपूजा झाली की सगळ्या अक्कांच्या पिशवीत. मला इतकं हलकं वाटलं की मी चुरमुरे मागून खाल्ले.

सगळे चेहरे पाहून झाले तेव्हा ध्यानात आलं. "मारुती कुठे?"

"तो घरी पूजा करणार म्हणाला. आनेकलला."

मला काळजी नव्हती. मारुतीची शांतम्मा तर मी सगळ्यात आधी काढून घेतली होती. तसं मी बोलूनही दाखवलं. तेव्हा तो बायकोवरून विनोद करणारा ड्रायव्हर चाचरत म्हणाला, "अक्का, तुम्ही त्याची घेतलीत ना, म्हणून त्याने दुसरी आणली. तिकडच्या एका दुकानात मिळते. शांतम्मा म्हणूनच मागायची."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कशी मागायची?"

"शांतम्मा. डब्यावर नावच आहे."

केंपण्णा खुर्चीतून उठला. त्याला असं झटकन उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पुतण्याची गाडी होती, तिच्यात बसून आम्ही निघालो. मारुतीला फोन लावत होते, उचलत नव्हता. रस्ताभर फुलांनी मढलेल्या गाड्या, ढोल, लोक वाटेत कोहळे फोडत होते, आणि आम्ही मुंगीच्या पावलाने सरकत होतो. बायकोने फोन उचलला. म्हणाली, पूजा सकाळीच झाली. सणाची पार्सलं अडली म्हणून त्यांना बोलावणं आलं, आता गाडी चार्जिंगला लावली असेल बसस्टँडच्या मागे, झोपले असतील.

बसस्टँडच्या मागे भिंतीला एक गन टांगलेली होती आणि मारुतीची गाडी उभी होती, हार घातलेली. खोक्याचं दार आतून ओढलेलं. गाडीतून उतरायच्या आधीच मला वास आला. सॉकेटमधून पांढरा धूर बारीक दोऱ्यासारखा वर जात होता. शेवंतीची वेणी काळी पडली होती. केंपण्णा भिंतीवरच्या मुख्य बटणाकडे धावला; धावला म्हणजे त्या गुडघ्यांनी जे जमलं ते. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. "मारुती! ऊठ! बाहेर ये!"

दार उघडलं. झोपेतून उठलेला माणूस, धूर पाहिला, आणि त्याने जे कोणीही करील तेच केलं. डबा उपटायला उजव्या हाताने धरला. तळहाताने. मी ओरडले, पण ओरडण्याला कितीसा वेळ लागतो! प्लास्टिक वितळलेलं होतं, ते हाताला चिकटून आलं. तेवढ्यात केंपण्णाने बटण पाडलं म्हणून नुसतं भाजलं. विजेने धरलं असतं तर पुढचं लिहायला मी बसले नसते.

डॉक्टर म्हणतात, हात वाचेल, पण मूठ पूर्वीसारखी वळेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मालवाहू तीनचाकीचा वेग उजव्या मुठीत असतो. मूठ पिळायची तेव्हा गाडी पळते. मी भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "अक्का, तुम्ही दिलेलाच ठिवला असता तर बरं झालं असतं की." त्याची बायको पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होती.

तो डबा पोलिसांनी आता घेतला आहे. आता आग लागली आहे ना, म्हणून. देण्याआधी मी तो नीट पाहिला. आतला टाका तोच, केसाएवढ्या तारेचा. बाहेर मात्र माझ्या दुकानाची चिठ्ठी नव्हती. छापील, रंगीत चिठ्ठी होती, तिच्यावर देवीचं चित्र, आणि कन्नडमध्ये ठळक अक्षरांत: शांतम्मा, कधीच कट होत नाही. किंमत माझ्या चांगल्या डब्यापेक्षा जास्त. माझ्या ड्रायव्हरांनी थट्टेत ठेवलेलं नाव रुद्रेशच्या कानावर गेलं आणि ज्या खोटेपणासाठी मी त्याच्या बाकावर डबा आपटला, तोच त्याने गुण म्हणून छापला.

यार्डातल्या सगळ्या शांतम्मा माझ्याकडे आल्या. मोजून, फोडून, त्यांच्या कटआउटचे पाय मी स्वतः कापले. प्लग बसले, ताडपत्री बांधली, तिच्यावरून माझं भांडण सध्या केंपण्णाशी चालू आहे. पण मला आता यार्डाची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती मी कधी न पाहिलेल्या शेडांची. होसकोट्याला, नेलमंगलाला, कुठल्यातरी गोदामामागे दुपारी एखादी गाडी लावलेली आहे, खोक्याचं दार ओढलेलं आहे, आणि तो माणूस निवांत झोपला आहे. कारण त्याने शोधून, जास्तीचा भाव देऊन, न तक्रार करणारा डबा घेतला आहे. त्याला मी ओळखत नाही. मी कितीही धावले तरी त्याचं दार बडवू शकत नाही.

आनेकलचा दुकानदार म्हणतो, माल पोचवणारा माणूस येतो, आणखी पुष्कळ दुकानांत देतो, नावं मला माहीत नाहीत. ती नावं एकालाच माहीत आहेत. त्याचा जुना कारखाना बंद आहे, पण पीण्यातच तीन गल्ल्या पलीकडे नवं शटर उघडलं आहे, हे मी शोधून काढलं. मी गेले तेव्हा तो माझ्या तोंडावर म्हणाला, "लोकच मागतात, अक्का. मी कुणाच्या गळ्यात बांधली नाही."

रुद्रेश, तुला मराठी वाचता येत नाही. हा अंक मी स्वतः तुझ्या बाकावर आणून ठेवणार आहे आणि एकेक ओळ कन्नडमध्ये वाचून दाखवणार आहे, तुझ्या कामगारांसमोर, शेजारच्या शेडातल्यांसमोर. मला भरपाई नको. तुझी माफी तर नकोच, तिचा भाव मला ठाऊक आहे. कुठल्या कुठल्या दुकानांना दिल्यास ते सांग. कुठल्या यार्डाला, कुठल्या गावाला, ते सांग. मारुतीच्या बायकोसमोर बसून सांग, नाहीतर न्यायाधीशासमोर सांग. पण पुढच्या उन्हाळ्याच्या आधी सांग. त्या खोक्यांत माणसं झोपलेली आहेत. त्यांची नावं मला माहीत नाहीत, तुला दुकानांची माहीत आहेत. उत्तर तुलाच द्यायचं आहे. दे.